भुऱ्या उंदरांची दुरुस्ती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला नाही, टेकडीवर देवीसमोर उभा राहिलो तेव्हासुद्धा नाही — तिथे म्हटलं, तिला तर माहीतच आहे, परत कशाला सांगा. असा मी. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि मी हे लिहीत नाहीये हं. मोबाईलमध्ये बोललं की अक्षरं आपोआप पडतात. काही चुकीची पडली तर ती मोबाईलची चूक.

बघा. पहिल्याच दमात दुसऱ्यावर ढकललं.

मी दुसरी नापास. देवासमध्ये मराठी माणूस म्हटला की लोकांना वाटतं, मास्तर असेल, नाहीतर वकील, नाहीतर पूजा सांगणारा. मी तोंड उघडलं की भ्रम जातो. आमचे लोक पण देवासच्या महाराजांबरोबरच महाराष्ट्रातून इकडे आले, पण घोड्यावर बसून नाही — घोड्याच्या मागून, लीद उचलत. हे मी प्रत्येक लग्नात सांगतो. लोक हसतात. माझं सगळं असंच. मी कुठे पडलो तर मीच आधी येऊन सांगतो, कसा पडलो, पायजमा कुठे फाटला. लोक पोटभर हसून घेतात. मग कुणी विचारत नाही की बाबा, पडलास कशामुळे? ही माझी युक्ती. ती मला फार कामाला आली. तेच सांगायचं आहे, पण सरळ सांगता येत नाहीये. थांबा.

मी मंडीत तुलावटी होतो. म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलणारा. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि मी घरी आलो. घरी बसलेल्या माणसाची घरात काय इज्जत असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तेव्हा शुभा म्हणाली, मामा, माझ्याबरोबर चला.

शुभा म्हणजे माझी भाची, धारच्या अक्काची मुलगी. देवासच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नाही — सात कशाला, सत्तर. विषय काय? तर उंदीर आणि तंबाखू. मी म्हटलं, अगं, मग माझ्यावरच कर की, उंदराचा खर्च वाचेल. ती हसली. तिनं तिच्या मॅडमना सांगितलं, हे माझे मामा आहेत, शिकलेले नाहीत पण भरोशाचे आहेत. आणि मला उंदरांच्या खोलीत सफाईला लावलं.

काम सोपं होतं. पिंजऱ्यातला भुसा बदला, दाणे टाका, बाटल्या धुवा. उंदीर दोन जातींचे, एक काळे आणि एक भुरे. त्यात परत लहान आणि मोठे. लहान म्हणजे आईपासून नुकते वेगळे केलेले, मोठे म्हणजे माझ्यासारखे, अकलेचे पक्के. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या — एकीत साधं पाणी, दुसरीत निकोटीनचं, म्हणजे तंबाखूचं सत्त्व घातलेलं. जबरदस्ती नाही. ज्याला जे प्यायचं ते प्या. मी म्हटलं, हे तर बसस्टँडच झालं, इकडे प्याऊ, म्हणजे पाणपोई, तिकडे गुटख्याचा पाउचवाला. शुभा म्हणाली, मामा, तेच तर बघायचंय, कोण कुणाकडे जातो.

मग एकेकाला मोठ्या खोक्यात सोडायचं. खोक्याच्या तळाला चौकटी आखलेल्या. पाच मिनिटांत उंदीर किती चौकटी ओलांडतो ते मोजायचं. म्हणजे कळतं, ते पाणी पिऊन तो उधळतो की सुस्तावतो.

तिनं मला नीट समजावून सांगितलं होतं. मला कुणी असं समजावून सांगत नाही, म्हणून शब्द न् शब्द लक्षात आहे. "मामा, दोन गोष्टी आहेत. कुणाच्या रक्तात आहे ती एक. आणि किती लहानपणी लागलं ती दुसरी. मला दोन्ही वेगळ्या करून बघायच्या आहेत."

काळे लहान — विचारू नका भिया, आमच्याकडे भाऊला भिया म्हणतात. दाबून प्यायचे आणि खोक्यात सोडले की बायपासवरच्या पोरांसारखे सुटायचे. काळे मोठे प्यायचे, पण मग कोपरा धरून बसायचे. भुरे मोठे त्या बाटलीला नाक लावायचे आणि तोंड फिरवायचे, एकदम खानदानी. राहिले भुरे लहान. शुभाचा सगळा जीव त्यांच्यात अडकलेला. रक्त त्या तोंड फिरवणाऱ्यांचं, पण वय कच्चं. ते पितात की नाही? ते प्यायले तर वयाचा दोष. नाही प्यायले तर रक्ताचा. ह्यावरच तिची डिग्री होती.

आणि माझं काय होतं ह्यात?

माझा एक मुलगा आहे, मन्या. त्याच वर्षी त्याचं तोंड उघडेना झालं होतं. दोन बोटं जातील एवढंच. पाउच खाऊन खाऊन. डॉक्टर म्हणाले, बंद कर. तो बंद करेना. माझा बाप तंबाखू खायचा, मी खातो, मन्या खातो — मी म्हणायचो, आमच्यात खानदानी आहे, दुसरं काही वारशात नाही, हे तरी आहे. आमची ही मात्र म्हणायची, "खानदानी काही नाही. तुम्ही लावलंत त्याला."

लावलं होतं का?

लावलं होतं. मन्या सहावीत होता. राजगढला एका लग्नाला गेलो होतो. त्याची दाढ दुखत होती. मी माझ्या डबीतली चिमूट काढली, चुना लावला, मळली आणि त्याच्या दाढेखाली ठेवली. म्हटलं, दाबून धर, पैलवान. दाढेसाठी ठेवली का? खरं सांगू? समोर चार लोक बसले होते, त्यांना हसवायचं होतं. पोरगं हिरवंपिवळं झालं, मांडवाच्या खांबाला धरून ओकलं. लोक हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. मग घरी येऊन त्यानं पुन्हा मागितली. आणि मी दिली.

आता शुभाची गोष्ट. अक्काचं धारला ऑपरेशन निघालं. शुभाला जावंच लागलं, तीन आठवडे. उंदरांना सुट्टी देता येत नाही, त्यांचं वय वाढतं, लहानाचे मोठे झाले की खेळ खल्लास. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतं, पण शुभाला भीती की काम हातातून जाईल. म्हणून तिनं मला मोजायला शिकवलं. अक्षरांशी माझं वैर, पण आकडे मला येतात. आयुष्यभर तोललंय मी. मी चिंचोके घेऊन बसायचो. एक चौकट, एक चिंचोका. मग चिंचोके मोजून चिठ्ठीवर आकडा. बाटलीचं वजन पण चिठ्ठीवर. रविवारी ती धारहून यायची, चिठ्ठ्या वहीत उतरवायची आणि परत जायची. मॅडमना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिचा माझ्यावर भरोसा.

पहिले चार-पाच दिवस मी एक पण आकडा इकडचा तिकडे केला नाही. हे सांगतोय ते कौतुक करून घ्यायला नाही. सांगतोय कारण त्या दिवसांत मी बघितलं.

भुरे लहान प्यायले.

काळ्यांइतके नाही. पण प्यायले. पहिल्या दिवशी नाक लावलं, दुसऱ्या दिवशी चाटलं, मग रोज बाटली हलकी होत गेली. आणि खोक्यात सोडला की — एक होता, कानाला खाच पाडलेला, तो असा पळाला की माझे चिंचोके संपले. माझ्या मुठीत चिंचोका नाही आणि तो पळतोच आहे, पळतोच आहे. ज्यांच्या रक्तात नाही ते. फक्त लहान होते म्हणून, आणि कुणी तरी समोर ठेवलं म्हणून.

मी चिठ्ठी घेऊन बसलो. पेन हातात. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, तुम्हीच सांगा.

इथे एक गंमत आहे, ती लोकांना माहीत आहे, ती सांगतो. मॅडम पुण्याच्या. पहिल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "मामा, ह्या खोलीत आमचं संशोधन चालतं, जरा जपून." मी म्हटलं, संशोधन? आमच्याकडे वोटर कार्डात नाव चुकलं की बाबू म्हणतो, संशोधन करवा लो. म्हणजे दुरुस्ती. मी विचारलं, "मॅडम, उंदरांत असं काय चुकलंय की तुम्ही दुरुस्त करून राहिल्या?" सगळी खोली हसली. मॅडम रुमालानं डोळे पुसायला लागल्या. मग येता-जाता प्रत्येक जण म्हणायचा, काय मामा, झाली का उंदरांची दुरुस्ती?

झाली. मी केली. भुऱ्या लहानांचे आकडे मी कमी करून लिहिले. त्या दिवशी पण, आणि पुढचे सगळे दिवस. रविवारी शुभा यायच्या आत आधीच्या चार-पाच दिवसांच्या चिठ्ठ्या पण फाडून नव्या केल्या. भुऱ्या मोठ्यांचे जेवढे, साधारण तेवढेच. बाटलीला शिवलेच नाहीत असं लिहिलं. आणि मग कशाला खोक्यात सोडा, कशाला मोजा? पंख्याखाली बसून आकडे टाकत गेलो. अर्थ समजला नाही म्हणून नाही हं. अर्थ मला तोपर्यंत चांगला समजला होता.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तर! घरी जाऊन बायकोला सांगितलं — सिद्ध झालं कॉलेजात, ज्याच्या रक्तात असतं तोच खातो, लहानपणी द्या नाहीतर म्हातारपणी द्या, काही फरक नाही. सायन्स आहे हे. ती गप्प बसली. पहिल्यांदाच गप्प बसली. मन्या तिथेच होता. तो म्हणाला, "मग बाबा, सोडून फायदा काय? रक्तातच आहे तर." आणि त्यानं पाउच फाडला. मी जिंकलो होतो ना, मी काय बोलणार?

पुढचं लवकर सांगतो, नाहीतर मी परत काही तरी मजाक करेन.

शुभा परत आली. थोड्या दिवसांनी मॅडमनी वही मागवली. मी भुशाची गोणी घेऊन दारातच उभा होतो. दोन शिकणाऱ्या मुली पण होत्या. मॅडमनी पानं उलटली, मग परत मागे आल्या. म्हणाल्या, "शुभांगी, हे काय गं? एकवीस, अकरा, एकतीस, एकवीस, एक्केचाळीस, एकतीस. तुझे भुरे उंदीर काय एकावरच येऊन थांबतात?"

भिया, माझ्या हातातली गोणी जड झाली. आमच्याकडे शून्यावर आकडा सोडत नाहीत. लग्नाचं पाकीट असो, देवाची वर्गणी असो — पन्नास नाही, एकावन्न. शून्य म्हणजे संपलं, अपशकुन. वर एक पाहिजे. मंडीत काय न् घरी काय, तीच सवय. खोटे आकडे टाकताना माझा हात आपोआप वर एक टाकत गेला. झूठ पण शकुन बघून लिहिलं मी.

मॅडम म्हणाल्या, निकोटीनचं पाणी बरणीतून गेलंय किती आणि वहीत प्यायलेलं किती, मेळ कुठे आहे? मग म्हणाल्या, गेटच्या रजिस्टरात ह्या तीन आठवड्यांत तुझी सही फक्त रविवारची आहे. मग हे मोजलं कुणी? आणि त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. सरळ विचारलं, "मामा, तुम्ही मोजत होतात का?"

आता बघा. मी "हो" म्हटलं असतं तर काय झालं असतं? शुभाला रागावल्या असत्या. मला काढलं असतं. ते आकडे फेकून नवीन भुरी पिल्लं आणून तेवढं काम परत केलं असतं. तीन-चार महिने गेले असते. बस. एवढंच.

शुभा माझ्याकडे बघत होती. खुणावत नव्हती, नुसती बघत होती.

मी म्हटलं, "मॅडम, गरिबाची चेष्टा करता? मला संशोधनाचा अर्थ येत नाही, मी काय मोजणार? माझा अंगठासुद्धा दोनदा नापास झालाय."

त्या दोन मुली फिस्सकन हसल्या. मॅडमच्या ओठावर पण थोडं हसू आलं. मीच हसवलं. त्या खोलीत त्या वेळेला मी लोकांना हसवलं.

शुभा म्हणाली, "मीच मोजले."

रजिस्टर सांगतंय ती आली नाही. ती सांगते मीच मोजले. मॅडम काय समजणार? धारला घरी बसून पोरीनं मनानं आकडे लिहिले. मॅडमनी वही मिटली, चष्मा काढला. म्हणाल्या, चुकलं असतं तर मी सांभाळून घेतलं असतं, पण खोट्याखाली मी सही करणार नाही. महिन्याभरात शुभाचं नाव पीएचडीतून कापलं गेलं. उंदीर पण संपवले सगळे, आता त्यांचा काही उपयोग नव्हता. पिंजरे मी धुतले. माझी नोकरी आणखी दोन वर्षं चालली. मॅडम म्हणायच्या, मामांचं काय, साधा माणूस आहे.

घरी आम्ही बरोबरच निघालो. मी वाट बघत होतो की ती शिव्या देईल. ती म्हणाली, "मामा, आईला कळू देऊ नका, तिचे टाके अजून ओले आहेत." मी म्हटलं, नाही सांगणार. बघा ना, किती भरोशाचा.

तिला काय वाटलं असेल? मामा घाबरला, नोकरी जाईल म्हणून खोटं बोलला — एवढंच? की आकडे मी मनाचे टाकले, हे पण तिला समजलं? एकावर संपणारे आकडे तिनं स्वतःच्या हातानं उतरवले होते. तिच्या लक्षात आलं नसेल? की आलं होतं, आणि तरी तिनं — मला माहीत नाही. सहा वर्षं झाली. मी तिच्यासमोर बसलो की हेच फिरतं डोक्यात, इकडून तिकडे, तिकडून इकडे. विचारता येत नाही. विचारलं म्हणजे सांगितलंच.

मन्याचं आता एक बोट जातं. तो पातळ खिचडी खातो.

शुभा धारला एका प्रायव्हेट शाळेत सायन्स शिकवते. लग्न झालं. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. जाताना इंदूरला बस बदलली, तेव्हा पक्कं ठरवलं होतं, ह्या वेळी बोलायचं. दुपारची वेळ, जावई कामावर, अक्का आत झोपलेली. शुभा माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवून मुलांच्या कॉप्या, म्हणजे वह्या, तपासत बसली. आणि मान वर न करता म्हणाली, "मामा, एक विचारू? ते भुरे लहान. तुम्ही खरंच मोजले होते ना?"

दार तिनं उघडून दिलं होतं. मला फक्त बाहेर पडायचं होतं.

मी म्हटलं, "मोजले होते गं. एकेक चिंचोका ठेवून मोजले."

तिनं लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "म्हणजे ते प्यायलेच नाहीत. मला उगाच वाटत राहिलं. माझा विचारच चुकीचा होता मग."

मी म्हटलं, "असेल."

आणि मी पोहे संपवले.